मुंगीच्या दुपारी

लहान मुलांच्या त्या इस्पितळात त्याला सगळे हौदवाले म्हणत. खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. कुणी काही विचारायचा अवकाश, हा खडू उचलायचा आणि फळ्यावर तीन हौद काढायचा. पहिला हौद रक्ताचा, दुसरा स्नायूंचा, तिसरा चरबीचा. मधे नळ्या, आणि खाली एक तोटी, ती यकृताची. भुलीचं औषध पहिल्या हौदात पडतं, बाकीच्या दोन्हींत झिरपतं, हळूहळू परत येतं आणि तोटीतून वाहून जातं. कुठल्या मुलाचा हौद केवढा आणि तोटी केवढी हे गणितानं आधी काढता आलं, तर त्याला नेमकी किती भूल लागेल आणि ते कधी जागं होईल हे सांगता येतं. बस्स, एवढंच त्याचं काम. पण एवढंसं सांगायला तो पाऊण तास घ्यायचा, आणि नवे डॉक्टर त्याला जिन्यात बघितलं की उलट्या पावली वर जायचे.

"मूल म्हणजे कमी मापाचा मोठा माणूस नव्हे!" हे तो इतक्या वेळा बोलला होता की सफाईवाल्या मावशीसुद्धा त्याची नक्कल करायच्या. चौदा वर्षं त्यानं एकच गोष्ट केली होती. ऑपरेशन झालेल्या मुलांच्या रक्ताचे थेंब, आईबापांची परवानगी घेऊन, वेळ लिहून जमवायचे आणि त्यांवरून आपलं हौदांचं मॉडेल घासूनपुसून नीट करायचं. दोनशे बारा मुलं झाली होती. त्यातल्या एकाचंही नाव त्याला आठवलं नसतं, पण कुणाची तोटी केवढी ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं. असा हा माणूस. बायको नाही, पोरंबाळं नाहीत, जीव लावायला एक धाकटी बहीण आणि तिची पाच वर्षांची मुलगी.

त्या मुलीच्या मेंदूत, अगदी खाली मानेजवळ, गाठ निघाली.

घरात सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत चावरी, म्हणून तिला मुंगी म्हणत. ऑपरेशन करता येणार नव्हतं. गाठीच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की रेडिएशन देऊ, तीस सिटिंग, रोज एक, शनिवार-रविवार सुट्टी. त्यानं गाठ आखडेल, काही महिने चांगले मिळतील, नशीब जोरावर असेल तर वर्ष. त्यापुढचं विचारू नका. बहिणीनं विचारलंच नाही. ती फक्त म्हणाली, "महिने तर महिने. पण ते मला जागे हवेत."

तिच्या म्हणण्यात अर्थ होता. रेडिएशन घेताना डोकं केसभरही हलता कामा नये, आणि मुंगी म्हणजे झोपेतही लाथा मारणारी. त्यामुळे रोज भूल. भूल द्यायची तर सकाळी पोट रिकामं हवं, म्हणजे उठल्यापासून दूध नाही, पाणी नाही, नुसती रडारड. अकरा वाजता आधी गुंगीचं औषध, वर वजनाच्या कोष्टकातली भूल, खात्री म्हणून थोडी जास्तच. मग पोरगी तीन वाजता डोळे उघडायची आणि त्यानंतरही अर्धवट गुंगीत चिडचिड करत पाचपर्यंत लोळायची. पहिल्या आठवड्यात बहीण भावाच्या खोलीत येऊन टेबलावर हात आपटून म्हणाली, "दादा, चौदा वर्षं लोकांच्या पोरांची रक्तं गोळा केलीस ना? मग माझ्या पोरीला वेळेवर उठवून दाखव."

हौदवाले असल्या आव्हानाला नाही म्हणणाऱ्यातला नव्हता. इस्पितळाच्या समितीनं त्याच्याकडून लिहून घेतलं की रक्ताचं नातं आहे, भुलीच्या पंपाला हात लावायचा नाही. आकडा तो सुचवणार, द्यायचा की नाही ते भूल देणाऱ्या मॅडम ठरवणार. या मॅडम म्हणजे वीस वर्षांची मुरलेली बाई, बोलायला फटकळ, हाताला मऊ. त्या म्हणाल्या, "हौदवाले, तुमचं गणित मला पटलं तर देईन, नाही पटलं तर तुमच्यासमोर कागद फाडीन. रागवायचं नाही."

"फाडा, फाडा," हौदवाले म्हणाला, आणि कामाला लागला.

मुंगीच्या छातीत औषधासाठी नळी बसवलेलीच होती, त्यामुळे थेंबभर रक्त घ्यायला सुई टोचावी लागत नव्हती. रोज दोन कुप्या निघायच्या, एक झोपताना, एक उठताना. पण त्या कुप्या तपासायचं यंत्र मागच्या इमारतीत, आणि तिथला तपासनीस पक्का नियमवाला. एका वेळच्या कुप्यांचा पूर्ण घाणा भरेपर्यंत तो यंत्राला हात लावायचा नाही. कधी दोन आठवडे, कधी तीन. तोवर कुप्या बर्फात. म्हणजे रक्तात औषध किती होतं ते मागाहून कळणार. रोजच्या रोज हातात काय, तर किती दिलं आणि ती किती वाजता उठली, एवढंच.

एवढ्यावरूनही मॉडेल चालतं, पण त्यात एक मेख आहे. मूल औषधाला लवकर झोपलं किंवा उशिरा उठलं, तर कारणं दोन असू शकतात. एक तर त्याची तोटी बारीक आहे, औषध अंगात रेंगाळतंय. नाहीतर त्याच्या मेंदूलाच थोडं पुरतंय. अनोळखी आकडे दोन आणि माहिती एकच. दोन्ही मोकळे सोडले तर गणित गरागरा फिरत राहतं आणि हाती काही लागत नाही. म्हणून त्याच्या धंद्यातले लोक एक आकडा खुंटीला बांधून टाकतात. हौदवाल्यानं मेंदूचा बांधला. दोनशे बारा मुलांत तो सारखाच तर आला होता! तोटी मोकळी ठेवली. यात चूक काय? काही नाही. कुणीही हेच केलं असतं.

आणि जमलं की हो! आठव्या सिटिंगला मॅडमनी गुंगीचं औषध बंद केलं, भूल त्याच्या आकड्याप्रमाणे दिली. हौदवाले म्हणाला होता, बारा वाजून दहा मिनिटं. मुंगीनं बारा वाजून चौदा मिनिटांनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य टाकलं, "मला भूक लागलीय, आणि मामाचा शर्ट घाण आहे." बहिणीनं तिथल्या तिथे भावाच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याचा चष्मा खाली पडला. मॅडम म्हणाल्या, "कागद फाडायची संधी गेली माझी."

त्यानंतर मुंगीला दुपारी मिळू लागल्या. पोटभर जेवून ती घरभर कागदाचे कपटे करायची, कपाटाच्या दारावर चिकटवायची, शेजारच्या मांजराला खिडकीतून धमक्या द्यायची. पाच वाजता हौदवाले फोन करायचा.

"आज काय केलं?"

"भांडली! दोन तास भांडली माझ्याशी," बहीण म्हणायची. अहो, भांडणाचं एवढं कौतुक कुणी केलं नसेल.

बाराव्या-तेराव्या सिटिंगपासून आकडा आणखी उतरायला लागला. एकशे वीस मिलिग्रॅम लागत होते, ते शंभरावर आले, मग नव्वद. तेवढ्यावर मुंगी पटकन झोपायची आणि उठायला जरा जास्तच वेळ लावायची. मॉडेलनं विचार केला, म्हणजे तोटी बारीक झाली. मग दुसऱ्या दिवशी आणखी कमी. ऐंशी. हौदवाले हरखून गेला. चालू असलेल्या दुसऱ्या औषधांचा यकृतावर हा परिणाम असणार, असं त्यानं स्वतःला समजावलं, आणि कागदावर एक छानशी उतरती रेघ काढून खोलीच्या दारामागे चिकटवली. एवढ्या लहान मुलात इतका बदल रोजच्या रोज पकडलेला कुणी पाहिला नव्हता. भाचीच्या काळजीतही त्याला या शोधाचा आनंद होत होता, हे खरं आहे, लपवून काय उपयोग.

आणि तो आनंद त्यानं बहिणीला वाटला. "छोटे, ऐंशीवर आलो! निम्म्याकडे चाललोय!"

औषध कमी होतंय, हे आईच्या कानाला कसं ऐकू येतं सांगा. कुठल्याही घरात औषध कमी झालं म्हणजे माणूस बरं होतंय. तिनं परगावी नोकरीला असलेल्या नवऱ्याला कळवलं, सासूला कळवलं, मावशीला, आत्याला, शाळेतल्या बाईंना, शेजाऱ्यांना. "डोस निम्म्यावर आला बरं का!" हौदवाल्यानं ते फोनवर बोलताना ऐकलं. भुलीचा डोस आणि गाठ यांचा काही संबंध नाही, हे सांगायला त्याचं तोंड उघडलं होतं. पण बहीण कित्येक आठवड्यांनी हसत होती. त्यानं तोंड मिटलं.

तिकडे मुंगीच्या दुपारी बारीक होत चालल्या होत्या. जेवता जेवता डुलकी लागायची. बोलताना जीभ जड व्हायची, डावा डोळा किंचित आत वळायचा, पेला हातातून सुटायचा. बहीण म्हणाली, "दमते रे." हौदवाले म्हणाला, "औषध अंगात रेंगाळतंय. उद्या पाच मिलिग्रॅम कमी करू." आणि दोघांनाही हे उत्तर इतकं आवडलं की दुसरं कुणी शोधलं नाही.

एकोणिसाव्या सिटिंगच्या दिवशी मुंगी टेबलावर चढताना मॅडमना म्हणाली, "माझं बटण बंद करा, पण चालू करायला विसरू नका हं." निम्मी अक्षरं तोंडातच राहिली होती. मॅडमनी पहिली सिरिंज हातानं ढकलली, मग पंप सुरू झाला, आणि पंचेचाळीस मिलिग्रॅमच्या आतच सगळं सिटिंग उरकलं. मॅडमनी आकडा वहीत लिहिला. त्यांनी हौदवाल्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्याच दुपारी मागच्या इमारतीतून तपासनिसाचा फोन आला. घाणा भरला होता, यंत्र चाललं होतं, आकडे तयार होते.

हौदवाले अक्षरशः धावत गेला आणि कागद घेऊन खोलीत आला. मोजलेले आकडे मॉडेलच्या रेघेवर बसवायला लागला. त्याची खात्री होती की डोस उतरला तरी रक्तातली पातळी तशीच निघणार, कारण तोटी बारीक झालीय. पहिला आकडा बसेना. दुसराही बसेना. त्याला वाटलं कुप्या उलटसुलट झाल्या, म्हणून त्यानं तपासनिसाला फोन करून चार शब्द सुनावले. तो म्हणाला, "साहेब, कुपी कुपीवर तुमच्याच हातचं अक्षर आहे."

मग त्यानं मेंदूच्या आकड्याची दोरी खुंटीवरून सोडली आणि मोजलेलं रक्त मॉडेलला घातलं.

तोटी पहिल्या दिवशी होती तेवढीच होती. तिच्यात काडीचाही फरक नव्हता. डोस उतरला तशी रक्तातली पातळीही उतरली होती, सरळ, प्रामाणिकपणे. मुंगी औषधाच्या जोरावर झोपत नव्हती. ती आधीच अर्धी झोपलेली यायची आणि मॅडम उरलेली अर्धी घालायच्या. दारामागची ती छानशी उतरती रेघ यकृताची नव्हतीच. ती गाठीची होती. रेडिएशन चालू असताना गाठ वाढत होती, आणि हा वेडा रोज संध्याकाळी पेन्सिलनं ती वाढ आखून तिचं कौतुक करत होता.

त्यानं पेन्सिल खाली ठेवली. मग उठून मॅडमच्या खोलीत गेला आणि कागद त्यांच्यापुढे ठेवला. 

मॅडमनी कागद वाचला नाही. "बसा," त्या म्हणाल्या. "मला चार दिवसांपूर्वी शंका आली. हाताला कळतं हो, पहिली सिरिंज ढकलताना. मी गाठीच्या डॉक्टरांना सांगितलंय. उद्या स्कॅन आहे."

"चार दिवस? आणि मला नाही सांगितलंत?"

"काय सांगू? रोज सकाळी तुम्ही नवा आकडा घेऊन नाचत यायचात. तुमचा चेहरा बघितला की माझी जीभच उचलायची नाही." त्यांनी चष्मा काढला. "चुकलं माझं. सांगायला हवं होतं."

त्याला त्यांच्या अंगावर ओरडायचं होतं. पण त्यांचे डोळे भरले होते, आणि खरा राग कुणावर होता ते त्याला पक्कं माहीत होतं.

स्कॅन झाला. जे दिसायचं ते दिसलं. गाठीचे डॉक्टर म्हणाले, उरलेली सिटिंग्ज पूर्ण करता येतील, पण त्यातून काही हाती लागेल असं मला वाटत नाही, घरच्यांशी बोला. हौदवाले म्हणाला, "मी बोलतो. तिला माझ्याकडूनच कळू दे."

बहीण भुलीतून उठवायच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसली होती, मांडीवर मुंगीचा स्वेटर. तिनं भावाला येताना बघितलं आणि जागा करून दिली.

"छोटे," तो म्हणाला, "डोस कमी होत होता ना, तो... तो चांगल्यानं नव्हता होत."

 त्यानं सगळं सांगितलं. हौद काढले नाहीत, गणित सांगितलं नाही. गाठ वाढलीय, म्हणून तिला झोप येते, म्हणून औषध कमी लागत होतं. मला दिसायला हवं होतं. मी चुकीच्या ठिकाणी बघत होतो. चार वाक्यांत संपलं. जन्मात तो इतकं थोडक्यात बोलला नव्हता.

बहीण स्वेटरची बाही उलटी करत होती, सुलटी करत होती. मग म्हणाली, "दादा, मी सगळ्यांना सांगितलं रे. शाळेतल्या बाईंनासुद्धा. त्यांनी वर्गात पोरांकडून टाळ्या वाजवून घेतल्या."

"मी फोन करतो सगळ्यांना. एकेकाला करतो."

"तू मला तेव्हाच का नाही म्हणालास, की याचा नि बरं होण्याचा संबंध नाही म्हणून? तुला ठाऊक होतं. तेवढं तर ठाऊक होतं ना तुला?"

"होतं."

"मग?"

"तू हसत होतीस गं."

तिनं स्वेटर तोंडाला लावला आणि अशी रडली की आतली सिस्टर दार उघडून बघून गेली. हौदवाल्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झिडकारला, आणि मग दोन मिनिटांनी स्वतःच त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. 

संध्याकाळी तिनं नवऱ्याशी बोलून निरोप दिला. उरलेली सिटिंग्ज नकोत. तेवढ्यासाठी पोरीला रोज उपाशी ठेवायचं नाही, रोज झोपवायचं नाही. नवरा मिळेल त्या गाडीनं निघाला होता, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौदवाले बहिणीकडे गेला. मुंगी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून बिस्कीट दुधात बुडवत होती. चार आठवड्यांत पहिल्यांदाच कामाच्या दिवशी तिला सकाळचं दूध मिळालं होतं. अर्धं पोटात जात होतं, अर्धं हनुवटीवरून ओघळत होतं.

"मामा," ती अडखळत म्हणाली, "आज दवाखाना नाही."

"नाही."

"उद्या?"

"उद्या पण नाही."

"मज्जा!" ती म्हणाली आणि बिस्कीट त्याच्या नाकापुढे धरलं. "तू खा. तुला पण उपाशी ठेवत होते?"

त्यानं खाल्लं.  ती सरकत सरकत त्याच्या मांडीवर आली, त्याच्या शर्टाच्या बटणाशी खेळली, मांजराबद्दल काहीतरी तक्रार सुरू केली आणि तक्रारीच्या मधेच झोपली. साडेआठ वाजले होते. हौदवाल्याचा हात सवयीनं घड्याळाकडे गेला.

बहीण ओट्याशी उभी होती. तिनं वळून बघितलं. "दादा," तिनं हळूच विचारलं, "कधी उठेल?"

पोरीच्या अंगात औषधाचा एक थेंब नव्हता. त्यानं तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. तो ढसाढसा रडायला लागला, पण मांडी हलू दिली नाही.

"माहीत नाही, छोटे," तो म्हणाला. "मला नाही सांगता येत."

बहिणीनं गॅस बंद केला. "मग उचलू नकोस तिला," ती म्हणाली. "तिचा बाबा येईपर्यंत अशीच राहू दे." तिनं मुंगीच्या हनुवटीवरचं दूध हातानं पुसलं आणि ती त्याच्याशेजारी जमिनीवर बसली.